ठोका आणि ठेका – ९ : साऊंडवर फिरणारा पोरगा

या आठवड्यात क्रेटेक्स घ्यायचा होता. कृणाल घोरपडे नावाचा आपला मराठी मुलगा हाऊसच्या ठोक्यावर मराठी शब्द बसवतो आणि श्रेयस सागवेकरबरोबर केलेलं त्याचं ‘तांबडी चामडी’ २०२४ साली नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सवरून बाहेर पडतं, हे कसं घडलं ते सांगायचं कबूल केलं होतं. ते आता पुढच्या आठवड्यात. मध्ये एक फोन आला आणि त्याचं उत्तर दिल्याशिवाय पुढं जाणं मला बरं वाटेना.

फोन पालीहून होता. बीडहून मांजरसुंब्याकडे निघालं की बिंदुसरा धरणाजवळ लागतं ते पाली. बोलणारे काका शेती करणारे, आवाजात काळजी. म्हणाले, “पुतण्या बारावी झाला. कालेजात नाव हाय, पर रात-रात साऊंडवाल्यासंगं फिरायलाय. घरी आला की कानाला ते लावून लॅपटॉपवर कायतरी करीत बसतो. मोठा डीजे होणार म्हणतो. तुमी तर दर आठवड्याला ह्याच्यावरच लिहायलेत. सांगा, ह्यातून माणूस घडतो का वाया जातो?”

मी फोनवर जे बोललो ते अपुरं होतं, कारण या प्रश्नाचं खरं उत्तर जमैकातल्या किंग्स्टन शहरातून सुरू होतं. काका, तुमच्या जिल्ह्याशी त्याचं नातं आहे, म्हणून जरा धीरानं वाचा.

क्लेमंट डॉड हा किंग्स्टनचा. तरुणपणी तो हंगामी मजूर म्हणून अमेरिकेच्या दक्षिण भागात गेला. कशाला? ऊस तोडायला. दिवाळीच्या सुमाराला कोयते बांधून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार चढवणाऱ्या बीड जिल्ह्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. तिकडं काळ्या वस्त्यांमध्ये त्याच्या कानावर ऱ्हिदम अँड ब्लूज पडलं. परत येताना त्यानं रेकॉर्डी आणि वाजवायचं सामान आणलं, आणि १९५० च्या दशकात किंग्स्टनमध्ये स्वतःचा साऊंड उभा केला. तिथं साऊंड म्हणजे आपल्याकडं असतो तोच प्रकार: कपाटाएवढे बेस, अ‍ॅम्प, ते लादायला गाडी, आणि मोकळ्या जागेत रात्रभर नाचणारी माणसं. ज्यांच्याकडं रेडिओ नव्हता, ज्यांना हॉटेलातल्या बँडच्या नाचाला आत सोडत नव्हते, त्यांचं संगीत तिथं वाजायचं.

डॉडचा मुख्य प्रतिस्पर्धी ड्यूक रीड. आधी पोलिसात होता, मग दारूचं दुकान आणि साऊंड. दोघांची चढाओढ अशी, की ज्याच्याकडं दुसऱ्याकडं नसलेली रेकॉर्ड, गर्दी त्याची. म्हणून डॉड अमेरिकेतून आणलेल्या रेकॉर्डीवरचं लेबल खरवडून काढायचा. गाणारा कोण, गाणं कुठलं, कुणालाच कळू नये. विलिस जॅक्सन या सॅक्सोफोनवाल्याची एक धून त्यानं ‘कॉक्सन हॉप’ असं स्वतःच्या साऊंडचं नाव देऊन वाजवली आणि तिच्या जोरावर मैदान मारलं. पुढं रीडनं ती धून हुडकून काढली आणि डॉडच्या देखत वाजवली.

याच चढाओढीतून निर्माता जन्माला आला, म्हणून मी हे सांगतोय. १९५० चं दशक सरत आलं तसा अमेरिकेचा बाजार रॉक अँड रोलकडं वळला. किंग्स्टनच्या नाचणाऱ्यांना हवी तशी रेकॉर्ड यायची थांबली. साऊंडवाल्यांपुढं दोनच वाटा उरल्या: साऊंड विकायचा, नाहीतर हवं ते गाणं स्वतः करून घ्यायचं. त्यांनी गावातले गाणारे-वाजवणारे गोळा केले. १९६३ साली डॉडनं स्टुडिओ वन उघडला. बॉब मार्ली आणि त्याचे साथीदार सुरुवातीला तिथंच घडले. एका ऊसतोड्या मजुराच्या साऊंडच्या धंद्यातून जगाला स्का आणि रेगे ऐकू आले.

आता मराठवाड्यात या. १४ एप्रिलची मिरवणूक, गणपती, शिवजयंती, हळदीची रात्र. दोन गावांचे साऊंड एका रस्त्यावर समोरासमोर आले की तीच चढाओढ. मालकाला आपल्याकडंच असलेलं रिमिक्स हवं असतं. ते करून देणारी पोरं तालुक्या-तालुक्यात आहेत. एखादं जुनं भीमगीत, एखादी लावणी, एखादं देवीचं गाणं घेऊन त्याखाली जड ठोका घालायचा, मध्ये हलगी सोडायची, आणि दर अर्ध्या-एक मिनिटाला आवाज टाकायचा: डीजे अमुक, मुक्काम तमुक. याला टॅग म्हणतात. माझ्या ओळखीच्या पुष्कळ जाणत्या माणसांना टॅगचा तिटकारा आहे. गाण्याचा विचका होतो म्हणतात. मला टॅगचं मोल वाटतं. डॉडनं लेबल खरवडलं ते दुसऱ्याला गाणं मिळू नये म्हणून, आणि हा पोरगा टॅग ठोकतो तोही त्याच धास्तीनं. पण त्या टॅगमध्ये पहिल्यांदा तो स्वतःचं आणि गावाचं नाव घेतो. ऐकणाऱ्याचा करणारा होतो तो इथं.

काकांची खरी काळजी होती ती साऊंडवर फिरण्याची. पुण्यात वाढलेल्या रित्विझचं, ज्याचं ‘उड गए’ २०१७ साली घराघरांत पोचलं, शिक्षण घरातच सुरू झालं. आई गाणारी, लहानपणापासून शास्त्रीय गायन. पालीतल्या पोराला ती सोय नाही. त्याची शाळा म्हणजे पिकअपचा मागचा भाग. आणि ती शाळा कच्ची नाही.

जनरेटरवर चालणाऱ्या सेटअपपाशी रात्रभर उभा राहणारा मदतनीस काय-काय शिकतो बघा. ठोका जास्त चढवला की हॅलोजन मिणमिणतो, म्हणजे जनरेटर दमला. स्पीकरचा कोन फडफडायला लागला की व्हॉइस कॉइल जळायच्या बेतात आहे. बेस चारी दिशांना पसरतो, टॉपचा आवाज सरळ जातो, म्हणून गाडी वळली की मागच्या माणसाला नुसतं धडधड ऐकू येतं आणि शब्द हरवतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे किक (ड्रमचा जड ठोका) आणि बेसलाइन दोन्ही ५०-६० हर्ट्झच्या आसपास एकाच वेळी आदळल्या तर काहीच नीट ऐकू येत नाही; एकीला क्षणभर मागं सरावं लागतं. स्टुडिओतले लोक याला साइडचेन म्हणतात आणि नवख्या पोरांना ते समजायला महिने लागतात, कारण लॅपटॉपच्या स्पीकरमधून ५० हर्ट्झ येतच नाही. ज्यानं तो आवाज छातीवर झेललाय त्याला तो गणितात मांडायला वेळ लागत नाही.

किंग्स्टनचाच दुसरा माणूस बघा, किंग टब्बी. जन्म १९४१. रेडिओ दुरुस्त करणारा, ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारा, साऊंडवाल्यांना अ‍ॅम्प बांधून देणारा कारागीर. पुढं त्यानं स्वतःचा साऊंड केला, मग घरातच छोटासा स्टुडिओ. कामासाठी आलेल्या चार ट्रॅकच्या टेपवरून तो गाणाऱ्याचा आवाज मध्येच काढून घ्यायचा, नुसता बेस आणि ड्रम ठेवायचा, एखादा शब्द प्रतिध्वनीत सोडून द्यायचा. त्यातून डब नावाचा प्रकार तयार झाला. आज जगातल्या कुठल्याही डान्स ट्रॅकमध्ये मध्येच सगळं थांबून पोकळी होते आणि मग ठोका परत येतो, तिथं टब्बीचा हात आहे. त्याचं वाद्य म्हणजे मिक्सर. सोल्डरिंग गन हातात धरलेल्या माणसानं मिक्सर वाद्यासारखा वाजवला, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोठं वाटतं, आणि आपल्याकडं साऊंडच्या गोडाऊनमध्ये जळके कोन बदलत बसलेल्या पोरांना कुणीतरी सांगायला हवं असं नेहमी वाटत आलंय.

आणखी एक गोष्ट पोरगा शिकतो, ती माणसं बघायची. किंग्स्टनमध्येच जन्मलेला क्लाइव्ह कॅम्पबेल, ज्याला जग डीजे कूल हर्क म्हणून ओळखतं, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात राहायला गेला. ११ ऑगस्ट १९७३ ला बहिणीनं शाळा सुरू होण्याआधी ठेवलेल्या पार्टीत तो रेकॉर्डी वाजवत होता. नाचणारी पोरं गाणाऱ्याच्या कडव्यांना उभी राहतात आणि मधल्या नुसत्या ड्रमच्या तुकड्याला सुटतात, हे त्यानं हेरलं होतं. मग त्यानं एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेतल्या आणि तो तुकडा इकडून तिकडे वाजवत लांबवत नेला. हिप-हॉपची सुरुवात तिथून धरतात. आपल्या हळदीत बघा. गाण्याच्या कुठल्या जागेवर म्हाताऱ्या आजी ओट्यावरून उठतात, कुठल्या जागेवर पोरं पाणी प्यायला जातात, हे ऑपरेटरशेजारी उभ्या पोराला तोंडपाठ असतं.

इथवर झालं ते फुकटात मिळणारं शिक्षण. पुढचं मात्र बसून शिकावं लागतं, आणि बहुतेक पोरं अडकतात ती तिथंच.

आधी मोजणं. हाऊस आणि त्याच्या भावकीतलं बहुतेक संगीत चार ठोक्यांच्या मापात असतं. अशी आठ मापं म्हणजे ३२ ठोके, आणि गाण्यात काही नवं यायचं असेल तर ते साधारण या ३२ च्या वळणावर येतं. मिनिटाला १२८ ठोक्यांची लय असेल तर ३२ ठोक्यांना बरोबर १५ सेकंद लागतात. दुसरं गाणं पहिल्यात मिसळायचं तर त्याचा पहिला ठोका या वळणावर पडला पाहिजे. आता एक गाणं १२८ च्या लयीत आणि दुसरं १२७ च्या लयीत असेल तर काय होईल? मिनिटाभरात एक आख्खा ठोका मागं पडेल. अर्ध्या मिनिटातच एकाचा ठोका दुसऱ्याच्या दोन ठोक्यांच्या मधोमध येईल आणि वरातीतले पाय अडखळतील. जुने डीजे टेक्निक्सच्या टर्नटेबलवर, जिथं वेग फक्त आठ टक्के वर-खाली करता यायचा, हे कानानं जुळवायचे. आता लॅपटॉपवर सिंकचं बटण आहे. माझं पोरांना सांगणं असतं की निदान वर्षभर ते बटण दाबू नका. एका कानात चालू गाणं, दुसऱ्या कानात येणारं, आणि बोटानं वेग. कुठलं पुढं पळतंय हे सांगता यायला लागलं की मग सिंक वापरा, हरकत नाही.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या विषयाकडं येतो: हलगी. आमच्या भागातल्या रिमिक्समध्ये हलगी नाही असं होत नाही, आणि दहातल्या बहुतेकांत ती लंगडते. का?

पोरं वापरतात ते एफएल स्टुडिओ. बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीसाठी दिदिए दांब्रँ या प्रोग्रामरनं १९९७ च्या अखेरीस फ्रूटीलूप्स नावानं ते आणलं. त्यात ठोके मांडायला १६ घरांची पट्टी असते: चार ठोके, प्रत्येकाचे चार भाग. हाऊस, टेक्नो, ट्रॅप त्यात चपखल बसतं. आपला संबळाचा गोंधळी ठेका आणि हलगीचे कितीतरी हात सहाच्या अंगानं चालतात. एका किकवर तीन टोले. लय १२० धरली तर दोन किकमध्ये ५०० मिलिसेकंद. हलगीचे तीन टोले पडतात ० वर, १६७ वर आणि ३३३ वर. सॉफ्टवेअरची घरं आहेत ०, १२५, २५०, ३७५ वर. पोरगा सगळे टोले निवडून क्वांटाइझ करतो. सॉफ्टवेअर प्रत्येक टोला जवळच्या घरात ढकलतं: १६७ वाला १२५ वर जातो, ३३३ वाला ३७५ वर. म्हणजे दुसरा टोला ४२ मिलिसेकंद आधी आणि तिसरा ४२ मिलिसेकंद उशिरा. कागदावर सगळं ओळीत दिसतं, आणि नाचणाऱ्याचा खांदा मात्र उचलत नाही.

इलाज सोपा आहे. त्याच सॉफ्टवेअरमध्ये स्नॅप नावाची यादी असते, तिथं ठोक्याचा तिसरा भाग आणि सहावा भाग निवडता येतो. निवडला की घरं १६७ आणि ३३३ वर येतात. ही एक गोष्ट पालीच्या पुतण्याला आज कळली तरी हा आठवडा सत्कारणी लागला असं मी समजेन.

पण याहून चांगला मार्ग म्हणजे टोले घरात ढकलूच नयेत. मी एकदा हलगी वाजवणाऱ्या एका मामांना खोलीत बसवून रेकॉर्ड केलं होतं. आधी त्यांनी अंगणात कागद-काटक्या पेटवून कातडं तापवलं, बोटानं टिचकी मारून आवाज बघितला, परत तापवलं. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्यात बारीक काडी. मी त्यांच्या कानात मशीनचा टिकटिक ठोका द्यायला निघालो तर म्हणाले, “ते काढा मालक, त्येनं हात बांधल्यावानी होतंय.” काढला. वाजवायला सुरुवात झाली ती ११० च्या आसपास, संपलं तेव्हा लय १२० च्या पुढं. मध्ये कुठंही घाई झाली असं ऐकताना वाटलं नाही. अंगावर येत गेलं फक्त. काडीचे टोले किकच्या किंचित आधी पडत होते, टिपऱ्याचा भारी टोला नेमका जागेवर. मग मी प्रत्येक मापाचा फक्त पहिला टोला किकवर खिळवला आणि आतले टोले मामांनी टाकले तिथंच राहू दिले. किकची लयही ११० वरून हळूहळू चढवत नेली. मशीन माणसामागं गेलं. न्यूक्लिया, म्हणजे उदयन सागर, ज्यानं अहमदाबादला मयूर नार्वेकरबरोबर १९९८ साली बंदिश प्रोजेक्ट सुरू केला आणि पुढं ‘बास रानी’सारखे अल्बम केले, त्याच्या संगीतात रस्त्यावरच्या वरातीचा रांगडेपणा जिवंत राहतो. तो का राहतो, हे मला त्या दिवशी नीट समजलं.

आता पैशाचं. काकांचा तोही प्रश्न होता. रिमिक्सवर पोट भरतं का? साऊंडच्या सुपाऱ्यांच्या दिवसांत ऑपरेटरला हजेरी मिळते, रिमिक्सचे सुटे पैसेही मिळतात. पण मूळ गाण्याचं रेकॉर्डिंग ज्या कंपनीचं, त्याची मालकी टॅग लावल्यानं बदलत नाही. यूट्यूबवर चढवलेलं रिमिक्स लाखांनी ऐकलं गेलं तरी कंटेंट आयडीची यंत्रणा मूळ गाणं ओळखते आणि जाहिरातीचं उत्पन्न मूळ मालकाकडं वळू शकतं, नाहीतर व्हिडिओच बंद होतो. जमैकात जी कोंडी रेकॉर्डी मिळेनाशा झाल्यावर आली, ती आपल्या पोरांपुढं या वाटेनं आलीय. सुटायचा मार्गही तोच: गावातला गाणारा, गावातला वाजवणारा, स्वतःची चाल. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ २०२४ साली देशभर वाजलं, ते त्यानं आणि जी-स्पार्क नावानं संगीत करणाऱ्या त्याच्या भावानं स्वतःचं गाणं केलं म्हणून.

आणि इथं एक अट मी घालणार. पोरं दुसऱ्याच्या व्हिडिओतली हलगी उचलतात. वाजवणारा कोण, कुणाला ठाऊक नसतं. तो पुढच्या गल्लीत राहत असेल आणि त्याच्याच टोल्यांवर शंभर रिमिक्स वाजत असतील, तर हे बरोबर नाही. त्याला बोलवा, तासाभराच्या रेकॉर्डिंगचे ठरवून पैसे द्या, आणि गाण्याच्या नावाखाली त्याचं नाव लिहा. टॅगमध्ये स्वतःचं नाव घेता तसं त्याचंही घ्या.

कानांचं राहिलं. यावर मी पोरांशी भांडतो. अमेरिकेत कामगारांसाठी निऑश या संस्थेनं घालून दिलेली मर्यादा अशी आहे: ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास, पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. मिरवणुकीत बेसच्या तोंडाशी याहून पुष्कळ जास्त आवाज असतो आणि पोरगा तिथं पाच-सहा तास असतो. घरी आल्यावर कानात शिट्टी वाजते, सकाळी थांबते, आणि त्याला वाटतं कान बरा झाला. कानातल्या बारीक केसपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. आधी वरचे सूर जातात, म्हणजे नेमकी काडीच्या टोल्याची धार. रात्री दहानंतर वाजवू नये हा २००० सालच्या नियमांतला दंडक म्हाताऱ्या-आजाऱ्यांसाठी आहेच, तो या पोरांसाठीही आहे. औषधाच्या दुकानात फोमचे इअरप्लग अगदी स्वस्तात मिळतात. बेसपाशी उभं राहताना ते घालावेत, फक्त सवय करावी लागते.

तेव्हा काका, पुतण्याला साऊंडवरून काढू नका. कॉलेज चालू राहू द्या. कान पूर्ण झाकणारा, तार असलेला हेडफोन घेऊन द्या. ब्लूटूथचा नको, त्यात आवाज मागून येतो आणि ठोका जुळवता येत नाही. हंगाम संपून पावसाळा लागला की साऊंड गोडाऊनमध्ये पडून असतात. त्या दोन-तीन महिन्यांत त्याला एकच काम सांगा: गावातल्या एका हलगीवाल्याला घरी बोलवायचं, मोबाइल हलगीपासून पाच-सहा फूट लांब, कातड्याच्या अगदी समोर न धरता थोडा बाजूला ठेवायचा, पंखा बंद करायचा, आणि कानात टिकटिक न देता पूर्ण हात वाजवून घ्यायचा. पावसाळी हवेत कातडं लवकर सैल पडतं, म्हणून दर थोड्या वेळानं तापवायला थांबावं लागेल. प्रत्येक वेळी तापवल्यावर आवाज थोडा चढा येईल, तेव्हा तुकडे वेगवेगळे जपून ठेवायचे आणि एकाच तापाचे तुकडे एका गाण्यात घ्यायचे.